पाण्यातली कोरडी फळी

सेकिनेकाका सकाळी पावणेसहाला हिरागांच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात भाताची चार रोपं होती. मुळांसकट, स्वच्छ धुतलेली. परसातली पालेभाजी आणून द्यावी तशी त्यांनी ती नोबोरूच्या पुढे धरली.

"तुमचं पाणी काल रात्री आमच्याकडे आलं होतं," ते म्हणाले. "आलं ते आलं, मुक्कामच केला."

नोबोरूने रोपं घेतली. दारात आलेल्या माणसाने काही पुढे केलं की दोन्ही हातांनी घ्यायचं, हे वळण त्याला पक्कं होतं. मग आपण काय घेतलंय ते त्याला कळलं, आणि ते कुठे ठेवावं ते कळेना.

हिरागांचं खाचर वर, सेकिनेकाकांचं खाली, मध्ये हातभर बांध. काकांची लावणी परवाच झाली होती. परवा लावलेल्या रोपाला दोन बोटं पाणी पुरतं. वीतभर चढलं की मुळं सुटतात आणि रोपं वर येऊन वारा नेईल तिकडे जातात. रात्री वारा नदीकडून होता. काकांचं निम्मं खाचर आता डोंगराकडच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसलं होतं.

"पाटाची फळी उघडी होती," काका म्हणाले. "मी बसवली परत."

माफी मागायची तर आपलं डोकं समोरच्याच्या डोक्याखाली जायला हवं, ही नेमोरी वाडीतली साधी रीत. पण सेकिनेकाकांची कंबर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काटकोनात वाकलेली. ते कायम समोरच्याच्या गुडघ्यांशी बोलत. त्यांच्या डोक्याखाली डोकं न्यायचं म्हणजे सरळ जमिनीवरच बसावं लागे. त्यामुळे वाडीत त्यांची माफी मागायची वेळ येऊ नये म्हणून लोक जपून असत.

नोबोरू उंबऱ्यावर गुडघे टेकणार, तेवढ्यात आतून त्याची आई आली. फुमिए ओल्या हातांनीच आली.

"काएदे!" ती आत वळून ओरडली. "काल तिन्हीसांजेला फळीपाशी कोण बसलं होतं? मी आंघोळीला हाक मारायला आले तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

काएदे आली. वय नऊ. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात, आणि तो हातात का आहे हे तिलाही आठवत नसावं. तिच्यामागून चिनात्सु, तिची आई.

"काएदे, पाटाची फळी तू काढलीस?" चिनात्सुने विचारलं.

काएदेने मान वर करून खरोखरच विचार केला. ही पोर सगळं विसरे, पण खोटं कधी बोलत नसे. खोटं बोलायचं तर आधी खरं लक्षात असावं लागतं.

"मी बेडकाची पिल्लं बघत होते," ती म्हणाली. "फळीचं आठवत नाही. पण मीच काढली असेन. माझंच असतं ना नेहमी."

झालं. चिनात्सुचं कपाळ फरशीला लागलं. फुमिएचं लागलं. काएदेने मोजा खाली ठेवला आणि तिचंही लागलं. तिला सराव होता. सगळ्यात शेवटी नोबोरूचं लागलं आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच राहिलं. बापाने पोरीचा अपराध किती मनाला लावून घेतला, असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

फळी नोबोरूने काढली होती.

त्याचं असं झालं. संध्याकाळी त्याने फळी उचलली, खाचरात पाणी सोडलं. अर्ध्या तासात परत बसवायची होती. तोवर फावडं आणावं म्हणून तो शेडमध्ये गेला. शेडच्या वाशाला पाकोळीने घरटं बांधलं होतं आणि खाली लावणीच्या यंत्रावर तिची घाण पडली होती. घरट्याखाली एक लाकडाचं फळकूट ठोकलं की काम झालं, असं त्याला वाटलं. मग लाकूड शोधलं. मग ते लांब झालं म्हणून करवत शोधली. करवतीला गंज होता, म्हणून तेल. अंधार पडेतो फळकूट ठोकून झालं, आणि ठोकलंही फार सुरेख. त्या आनंदात तो आंघोळीला गेला, जेवला, झोपला. फावडं शेडमध्येच राहिलं. पाणी रात्रभर चाललं, खाचर भरून बांधावरून खाली काकांकडे गेलं.

हे सगळं त्याला कपाळ फरशीवर असतानाच आठवलं. तेव्हा डोकं वर काढून सांगता आलं असतं. पण आता काएदे आधीच कबूल झाली होती, आई आधीच बोलून गेली होती, काका हूं म्हणून गेले होते. आपण सांगितलं तर या सगळ्यांना परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. त्याला ते तेव्हा पटलंही.

पुलापलीकडच्या मिठाईच्या दुकानात कियोबाई बसायच्या. नेमोरीत माफी योकान देऊन मागतात. लाल चवळीची घट्ट गोड वडी, लांबट डब्यात. महिनोन् महिने टिकते. राग जायला वेळ लागतो, त्या हिशेबाने ते बरंच आहे.

"नेहमीचं?" फुमिए आणि नोबोरू आत येताच कियोबाईंनी विचारलं.

नेहमीचं म्हणजे करड्या कागदातलं. लग्नाबारशाला तांबडापांढरा कागद, मयताला काळापांढरा, माफीला करडा. या वसंतातला हा तिसरा करडा डबा. पहिला मार्चमध्ये: वाडीत घरोघर फिरणारी सूचनावही काएदेने पुलावरून सोडली, तरंगते का बघायला. तरंगली. चार गावं खाली सापडली. दुसरा शाळेचा: मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना तिने आगीच्या घंटेचं बटण दाबलं. सगळी शाळा मैदानात, पाऊस चालू. का दाबलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, त्यावर 'जोरात दाबा' असं लिहिलंय.

"नोबोरूच्या वेळेला पत्र्याचे डबे असायचे," कियोबाई कागदाला घडी घालत म्हणाल्या. "काय मजबूत! आता पुठ्ठ्याचे आले."

"कसले डबे?" फुमिएने विचारलं. आवाज अगदी सपाट.

कियोबाईंनी वर पाहिलं, मग घडीकडे. "दुसऱ्या कुणाचे असतील," त्या म्हणाल्या. "वय झालं हो माझं."

नोबोरू बरण्यांतल्या खडीसाखरेकडे बघत उभा राहिला.

डबा अपराध्याने स्वतः न्यायचा असतो, दोन्ही हातांत, छातीच्या उंचीला. काएदेला बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना बघायची सवय. वाटेत बेडूक होते, बगळा होता, विजेच्या डांबावरच्या तारेवर एक तुटलेला पतंगही होता. नोबोरू तिच्यामागून चालत होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, बघ, तिकडे बघ, पाड डबा. डबा पडला असता तर निदान एक तरी चूक तिची झाली असती. पण काएदेने एकदाही मान वळवली नाही. ओठ घट्ट मिटून, घामाघूम होऊन तिने डबा काकांच्या दारापर्यंत नेला आणि पाठ केलेलं सगळं बरोबर म्हटलं.

"पाटाची फळी मी काढली. तुमची रोपं तरंगली. माझी चूक झाली, सेकिने आजोबा."

"एवढं कशाला आणायचं," काका म्हणाले. असंच म्हणायचं असतं. डबा घेऊन त्यांनी आतून सहा अंडी आणून दिली, कारण रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. मग ते बराच वेळ नोबोरूच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"लावायला कोण येतंय?"

"आम्ही," नोबोरू म्हणाला. "सुट्टी आहे सलग. तीन दिवसांत लावून देतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि काएदे."

"बरं," काका म्हणाले. "पोरगीने काढली, पोरगीनेच लावावी. बरोबर आहे." आणि दार लावलं.

त्या दुपारी स्वयंपाकघरात चिनात्सुने टेबलावर शाळेचा कागद ठेवला. हा कागद पंधरा दिवस फ्रिजला चिकटवलेला होता. बाईंचं म्हणणं असं की काएदेचं लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, वर्गात उठून जाते. हा तिचा दोष नव्हे, काही मुलांचं असतं असं, शहरात डॉक्टर आहेत, एकदा दाखवा. सुट्ट्या संपल्या की कागद भरून द्यायचा.

"मी भरतेय," चिनात्सु म्हणाली. "आज झालं ते बघून मला आता राहवत नाही. आई, तुमची हरकत असली तरी."

"हरकत कशाला?" फुमिए भांडी विसळत म्हणाली. "दाखव की. सगळ्या वाडीला दाखव. हिरागांच्या पोरीच्या डोक्यात बिघाड आहे म्हणावं. पोरीला बसवून चार गोष्टी शिकवल्या असत्या तर ही वेळ आली नसती. आमच्या घरात असलं कधी नव्हतं. नोबोरूला लहानपणी बस म्हटलं की बसायचा. देवळातल्या दगडी मूर्तीसारखा."

चिनात्सुने पेन उचललं. "इथे विचारलंय, आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी असा त्रास होता का. आणि आईवडिलांची शाळेची प्रगतिपुस्तकं असली तर आणा म्हणतात. माझी माहेराहून मागवलीत. आई, यांची कुठेत?"

"उंदरांनी खाल्ली," फुमिए म्हणाली.

"सगळी?"

"उंदरांना काय, चौथीचं खाल्लं, पाचवीचं नको, असं असतं का?"

चिनात्सु हसली नाही. नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही सांगा. तुम्हाला होता असा त्रास?"

नोबोरू तेव्हा एक अंडं सोलत होता. तिसरीत असताना बाईंनी त्याला खुर्चीला मफलरने बांधलं होतं. खुर्चीसकट तो दारापर्यंत गेला होता. पाचवीत काकांचा बैल सोडून दिला होता, तो कुठे जातो ते बघायला. बैल रेल्वे स्टेशनावर गेला होता. पत्र्याचा डबा तेव्हाच गेला होता काकांकडे, त्याच्याच हातांतून.

"नाही," नोबोरू म्हणाला. "मला नव्हता."

चिनात्सुने चौकटीत 'नाही' लिहिलं. शाईने. मग 'आई' असं लिहिलेल्या चौकटीपाशी ती बराच वेळ थांबली. आपण लहानपणी कशा होतो ते ती आठवत होती, म्हणजे स्वतःत काही सापडतंय का ते शोधत होती. नोबोरूने अंडं तोंडात घातलं. टरफलाचा एक तुकडा राहिला होता, तो त्याने गिळला.

दुसऱ्या दिवशी लावणी सुरू झाली. यंत्र परत घालता येत नाही, रुतलेली रोपंही उपटतील. जे सुटलंय ते हातानेच लावायचं. तरंगून कोपऱ्यात गोळा झालेली रोपं वेचायची, चेंगरलेली टाकायची, बरी असतील त्यांची जुडी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने तीन-तीन काड्या चिखलात खुपसायच्या. अंगठा, दोन बोटं, खुपस. मागे सरक. पाणी डोंगरातल्या बर्फाचं, पोटऱ्यांपर्यंत. तासाभरात पाय कुणा दुसऱ्याचे होतात. दोन तासांत कंबर सेकिनेकाकांची होते.

काका बांधावर लाकडी पेटीवर बसून बघत. मधूनच म्हणत, "खोल गेलं," किंवा "वर राहिलं." दुसरं काही बोलत नसत.

काएदेला रांग जमेना. चार रोपं सरळ जात, पाचवं पाण्यातल्या किड्याला वळसा घालून जाई. मग ती दहा पावलं दुसरीकडेच जाऊन तिथे तीन रोपं लावी, कारण तिथलं पाणी गरम असे. मग तिला आठवे, आणि ती धावत परत येई, आणि धावताना आधीची दोन पायाखाली जात. प्रत्येक वेळी ती काकांकडे वळून म्हणे, "चूक झाली." पहिल्या दिवशी नोबोरूने मोजलं नाही, पण शंभराच्या पुढे गेलं असेल.

"हिला दर वेळी म्हणायला लागतं का?" काकांनी विचारलं.

"सवय लागलीय," नोबोरू म्हणाला.

"तुलाही होती. मग मोडली वाटतं."

दुपारी बांधावर बसून त्यांनी भाताचे गोळे खाल्ले. काएदेचे ओठ निळे पडले होते. ती गोळा हातात धरून पाटाकडे बघत होती.

"बाबा," ती हळू म्हणाली, "मी सारखं आठवून बघतेय फळी कशी काढली ते. बेडकाची पिल्लं आठवतात. सोळा होती. तू शेडमध्ये ठोकत होतास, तेही आठवतं, ठाक ठाक. आजीची हाक आठवते. फळीच आठवत नाही. मी वाईट केलेलंच तेवढं विसरते का?"

"खा," नोबोरू म्हणाला.

"डॉक्टर ते बरं करतील? म्हणजे केलेलं आठवायला लागेल?"

"आधी खा. गार होतंय."

भाताचे गोळे गारच असतात. काएदेने खाल्ला.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेवटचा कोपरा उरला. काकांचं खाचर दुरून कसं दिसत होतं, तर अर्धं शाळेच्या वहीसारखं आणि अर्धं काएदेच्या वहीसारखं. चिनात्सु चहाची किटली घेऊन आली होती, आणि फुमिएही आली होती. शेवटच्या दिवशी घरच्या मोठ्या माणसाने शेतावर येऊन वाकून जायचं असतं. ती वाकली. काका पेटीवरून उठले आणि काठीने चिखल टोकरत पाटाकडे निघाले.

"पोरी, इकडे ये," ते म्हणाले. "तुमच्या खाचरातून जरा पाणी सोडायचंय माझ्याकडे. फळी काढ."

काएदे जागच्या जागी थिजली. "मी?"

"तूच. तुला येते ना काढायला?"

काएदेने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग ती पाटात उतरली. फळी जुन्या सुरूच्या लाकडाची, चार बोटं जाड, वर्षानुवर्षं पाणी पिऊन फुगलेली, दोन्हीकडे दगडाच्या खाचेत घट्ट बसलेली. काएदेने वरची कड धरली आणि ओढलं. काही झालं नाही. तिने एक पाय दगडाला लावून ओढलं. मानेच्या शिरा फुगल्या. हात सटकून ती मागच्या मागे पाण्यात बसली, छातीपर्यंत.

"चूक झाली," ती पाण्यातून म्हणाली.

पाटाचं पाणी तेवढं फळीवरून जात होतं. चिनात्सुने किटली खाली ठेवली. ती आधी फळीकडे बघत होती, मग तिने हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. काकाही बघत होते, पण त्यांना गुडघेच दिसत होते. गुडघे पुरेसे होते.

आता सांगायलाच हवं, हे नोबोरूला कळत होतं. त्याने तोंड उघडलं.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "फळी कोरडी असेल."

बगळा उडाला. तो असाही उडणार होता.

"पाण्यातली फळी," काका म्हणाले.

"म्हणजे, जराशी."

"जराशी कोरडी. पाण्यातली."

"हो."

काकांनी काठी चिखलात घट्ट रोवली. मग ते काठीवर भार देऊन थोडे उंच झाले. वाडीत इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नसेल, पण ते कण्हत, थरथरत, नोबोरूच्या छातीपर्यंत उंच झाले आणि तिथून त्यांनी मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"नोबो," ते म्हणाले, "पत्र्याचा डबा अजून आहे माझ्याकडे. खिळे ठेवतो त्यात. बैल सोडलास तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. दारात आलास आणि म्हणालास, मी सोडला. कुणी सांगितलं नव्हतं तुला, आईपण मागे नव्हती, एकटा आला होतास. मी बायकोला म्हटलं, या पोराचं डोकं जागेवर नाही पण बाकीचं सगळं आहे." ते परत खाली वाकले. "फार दिवस झाले म्हणा त्याला."

आणि ते काठी टोकरत घराकडे गेले. चहा न घेता.

चिनात्सुने पाटातून पोरीला उचललं. नऊ वर्षांची पोर, ओली, चिखलाने जड. ती तिला कडेवर घेऊन बांधावरून निघाली. नोबोरू हात पुढे करून दोन पावलं गेला, तर ती न वळता म्हणाली, "हात नका लावू." फुमिए किटली घेऊन मागोमाग गेली. तिने लेकाकडे पाहिलं नाही. तिला बघायची गरज नव्हती. फळी किती जड आहे हे चाळीस वर्षं तिलाही माहीत होतं.

नोबोरूने शेवटचा कोपरा एकट्याने लावला. रांग सरळ आली. मग तो तसाच, चिखलाच्या बुटांनी, पुलापलीकडे गेला.

"नेहमीचं?" कियोबाई म्हणाल्या.

"करडं."

"कुणाकडे जायचंय? कागद कुठल्या मापाचा ते ठरवायला विचारते हो, मला काय करायचंय."

"घरीच," नोबोरू म्हणाला.

कियोबाईंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं, फरशीवरच्या चिखलाकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी कुठूनसा एक जुना पत्र्याचा डबा काढला, फडक्याने पुसला, त्यात वड्या रचल्या आणि वर करडा कागद घातला.

घरी चटईच्या खोलीत चिनात्सु वाळलेले कपडे घड्या घालत होती. काएदे आंघोळ करून कोरड्या कपड्यांत बसली होती, म्हणजे पोटावर पडून पाय हलवत होती. फुमिए पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे पाठ करून बसली होती. नोबोरू बूट काढून आत आला, काएदेच्या समोर गुडघे टेकून बसला, आणि डबा दोन्ही हातांनी तिच्यापुढे सरकवला.

काएदे उठून बसली. "हा कुणाकडे न्यायचाय?"

"कुणाकडे नाही. तुला आहे."

"मला?"

"पाटाची फळी मी काढली होती," नोबोरू म्हणाला. "बसवायला विसरलो. सकाळी मला आठवलं होतं, तरी मी बोललो नाही. तुझ्या हातून डबा नेववला. तीन दिवस तुला गार पाण्यात उभं केलं. आणि आज फळी कोरडी होती म्हणालो. माझी चूक झाली." आणि त्याने कपाळ चटईला टेकवलं.

काएदेकडे आजवर कुणी डबा घेऊन आलं नव्हतं. घेणाऱ्याने काय करायचं असतं ते तिला करून बघायला मिळालं नव्हतं, पण तिने ते पुष्कळ वेळा समोरून ऐकलं होतं.

"एवढं कशाला आणायचं," ती गंभीरपणे म्हणाली.

मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे मी विसरले नव्हते! मी काढलीच नव्हती, म्हणून आठवत नव्हती! आई, माझं बरोबर होतं! सोळा पिल्लंच होती!"

"हो गं राणी," चिनात्सु म्हणाली.

करडा कागद टराटरा फाटला. पत्र्याचं झाकण उघडलं. वडी तोंडात गेल्याचा आवाज आला. नोबोरू वाट बघत होता. समोरच्याने 'वर काढा डोकं' म्हटल्याशिवाय काढायचं नसतं. ही नेमोरीतली दुसरी साधी रीत. तेवढ्यात शेडकडून चिवचिव ऐकू आली, अगदी बारीक, नवीन.

"पाकोळीची पिल्लं!" काएदे ओरडली. "फुटली अंडी!" आणि धाडधाड पावलं खोलीतून, ओसरीवरून, अंगणातून शेडकडे गेली. 'वर काढा' म्हणायचं ती विसरली.

नोबोरू तसाच राहिला.

ते शब्द चिनात्सुलाही म्हणता आले असते. तिने एक टॉवेल उचलला, त्याची घडी घातली. दुसरा उचलला. मग एक कागद चटईवर ठेवल्याचा आवाज आला आणि त्यावर एक पेन.

"ती चौकट," ती म्हणाली. "शाईने लिहिलंय. खोडा आणि सही करा. पण ते मागाहून."

देव्हाऱ्याखालचा खण कुरकुरला. तो बरीच वर्षं उघडला नसावा. फुमिएची पावलं सावकाश आली, आणि नोबोरूच्या डोक्यापाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा पडला. सहा प्रगतिपुस्तकं. कुठेही उंदीर लागलेला नव्हता. कपाळ चटईवरच होतं, म्हणून त्याला एका डोळ्याने फक्त वरच्या पुस्तकाच्या कडेचं, बाहेर आलेल्या पानावरचं बाईंचं बारीक अक्षर दिसत होतं: 'नोबोरू लक्ष देऊन ऐकतो. पण खिडकीबाहेरचं.'

"तुझ्या वेळी कुणी कागद पाठवला नाही," फुमिए वरून कुठूनतरी म्हणाली. "नुसते डबे आणत राहिले मी." आणि ती जाऊन परत पाठ करून बसली.

टॉवेल संपले. चिनात्सु मोजे जुळवायला लागली. काएदेच्या मोज्यांच्या जोड्या कधीच लागत नसत, त्यामुळे त्याला वेळ लागणार होता. नोबोरूच्या कपाळाला चटईची वीण रुतली. कंबर, जी तीन दिवस सेकिनेकाकांची झाली होती, ती आता पूर्णच त्यांची झाली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. धाडधाड पावलं परत आली. काएदे दुसरी वडी घ्यायला आली होती. डब्यात हात घालताना तिला डब्यापुढे बाबा अजून तसाच दिसला आणि ती वाकून बघायला लागली, इतकी की तिचं डोकं त्याच्या डोक्याच्याही खाली आलं आणि गाल चटईला टेकला.

"बाबा," तिने विचारलं, "तू इथे काय शोधतोयस?"